मॉड्युलो म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठी शाळेतून चौथीपर्यंत भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी शिकलेली मुलं पाचवीपासून बहुधा इंग्रजीतून गणित करू लागतात. पुढे अकरावी-बारावीत, बीएस्सीला किंवा कोडिंगच्या वर्गात 'मॉड्युलो' समोर येतो, आणि जुन्या 'बाकी'शी त्याचं नातं कुणी समजावून देत नाही. खालची उत्तरं अशा विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि घरी बसून पंचांगाचा हिशेब मांडू पाहणाऱ्यांसाठी आहेत.

मॉड्युलो म्हणजे बाकीच ना?

बाकीशी त्याचा जवळचा संबंध आहे, पण दोन्ही एकच नव्हेत. १७ ला १२ ने भागलं की बाकी ५ उरते. ते एका भागाकाराचं उत्तर झालं. 'मॉड्युलो १२' ही मात्र एक अट आहे: ज्या दोन संख्यांमधला फरक १२ च्या पटीत आहे, त्या आपण एकच धरायच्या. या अटीखाली ५, १७, २९, ४१ आणि −७ या सगळ्या एका घरातल्या. ५ हा त्या घराचा सोयीचा प्रतिनिधी, इतकंच. घड्याळात १७ वाजले म्हणजे ५ वाजले हे आपण रोज न विचार करता म्हणतो, तेव्हा हीच अट पाळत असतो.

हा फरक लक्षात ठेवाच, कारण पुढच्या बहुतेक चुका तो विसरल्यामुळे होतात. बाकी काढणं ही कृती आहे. मॉड्युलो म्हणजे कोणता फरक फरक मानायचा नाही, याचा करार.

मॉड, मॉड्युलो, मॉड्युलस: कुठे काय वापरायचं?

ज्या संख्येच्या पटी आपण दुर्लक्षित करतो ती संख्या म्हणजे मॉड्युलस. वरच्या उदाहरणात मॉड्युलस १२. 'मॉड्युलो' म्हणजे 'त्या मॉड्युलसच्या हिशेबाने'. 'मॉड' हे त्याचं लघुरूप. एकाहून अधिक मॉड्युलस असतील तर मॉड्युलाय म्हणतात. ही संज्ञा आणि ≡ ही तीन रेघांची खूण जर्मन गणिती गाउस याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथातून रूढ झाली.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो अकरावीत. वर्गात |−५| हे सर्रास 'मॉड मायनस फाइव्ह' असं वाचतात, आणि त्याचं उत्तर ५. तिथला मॉड्युलस म्हणजे केवल मूल्य, शून्यापासूनचं अंतर. कॉम्प्लेक्स संख्येचा मॉड्युलसही अंतरच. भौतिकशास्त्रातला यंग्ज मॉड्युलस ताण आणि विकृती यांचं गुणोत्तर सांगतो. यांपैकी कशाचाही या पानावरच्या मॉड्युलोशी संबंध नाही. ओळखायची सोपी खूण अशी: आपल्याला हवा असलेला मॉड कधी एकटा येत नाही. त्याच्यापुढे 'मॉड किती' हे सांगणारी संख्या असतेच. उभ्या दोन रेघा दिसल्या तर ते केवल मूल्य.

लिहायचं आणि वाचायचं कसं?

दोन रीती आहेत. पहिली: १७ मॉड १२ = ५. इथे मॉड ही अधिक-उणेसारखी क्रिया आहे आणि उत्तर एकच येतं. कॉम्प्युटरवाले ही वापरतात. दुसरी: १७ ≡ ५ (मॉड १२). इथे कंसातली अट संपूर्ण ओळीला लागू आहे, नुसत्या ५ ला नव्हे. वाचताना 'सेव्हन्टीन इज कॉन्ग्रुअन्ट टू फाइव्ह मॉड्युलो ट्वेल्व्ह'. मराठीत 'बाराच्या हिशेबात सतरा आणि पाच समशेष'.

दुसऱ्या रीतीत १७ ≡ −७ (मॉड १२) किंवा २९ ≡ ४१ (मॉड १२) असं लिहिलं तरी बरोबरच. उजवीकडची संख्या मॉड्युलसहून लहान असावी अशी सक्ती नाही. पेपरात मात्र दोन रीतींची भेसळ करू नका. '१७ = ५ मॉड १२' असं भलतंच काही लिहिलं जातं आणि गुण जातात.

−७ ला ३ ने भागून बाकी किती? एक कॉम्प्युटर −१ सांगतो, दुसरा २.

दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. सी, जावा आणि जावास्क्रिप्ट भागाकार शून्याच्या दिशेने तोडतात: −७ भागिले ३ म्हणजे −२.३३…, तो झाला −२; तीन दुणे सहा, म्हणून बाकी −१. पायथन भागाकार खालच्या पूर्णांकावर नेतो, म्हणजे −३. मग −९ मध्ये २ मिळवले की −७, म्हणून बाकी २. एक्सेलचं मॉड फंक्शनही २ देतं. मॉड्युलो ३ च्या करारात −१ आणि २ एकाच घरात आहेत, त्यामुळे गणिताला काही धक्का लागत नाही. धक्का लागतो तो प्रोग्रामला.

तो कुठे बसतो ते पाहा. सी किंवा जावामध्ये संख्या विषम आहे का हे 'दोनाने भागून बाकी १ आहे का' असं तपासलं, तर −३ विषम ठरतच नाही, कारण तिथे बाकी −१ येते. 'बाकी शून्य नाही ना' असं तपासावं. तसंच आठवड्याच्या वारांची यादी करून 'आजपासून दहा दिवसांपूर्वी' असा हिशेब केला की यादीतली जागा ऋण येते आणि प्रोग्राम कोसळतो. यावर उपाय ठरलेला आहे: बाकी काढा, तिच्यात मॉड्युलस मिळवा, पुन्हा बाकी काढा. मग कोणत्याही भाषेत उत्तर ० पासून मॉड्युलसच्या एक अलीकडेपर्यंतच येतं.

मॉड्युलोत बेरीज, गुणाकार, भागाकार सगळं चालतं का?

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार निर्धास्त चालतात. मधल्या कुठल्याही टप्प्यावर मोठी संख्या लहान करून घ्या, शेवटचं उत्तर बदलत नाही. मॉड्युलोची खरी ताकद इथेच आहे.

भागाकार सरसकट चालत नाही. १४ ≡ ४ (मॉड १०) हे खरं. दोन्ही बाजूंना २ ने भागलं तर ७ ≡ २ (मॉड १०)? अजिबात नाही. कारण २ हा १० मध्येही लपलेला आहे. भागताना मॉड्युलसलाही त्या सामाईक विभाजकाने भागावं लागतं: ७ ≡ २ (मॉड ५), हे बरोबर. भागायची संख्या आणि मॉड्युलस यांच्यात १ शिवाय सामाईक विभाजक नसेल तर मात्र खुशाल भागा. अपूर्णांकाऐवजी व्यस्त शोधायचा. मॉड १० मध्ये ३ × ७ = २१ ≡ १, म्हणून ३ ने भागणं म्हणजे ७ ने गुणणं.

घातांकात तर फार जण फसतात. २ चा १० वा घात १०२४, म्हणजे मॉड १० मध्ये ४. आता कुणी म्हणेल, १० ≡ ० (मॉड १०), म्हणून २ चा शून्यावा घात, म्हणजे १. चूक. घातांक हा 'किती वेळा गुणलं' याचा आकडा आहे. तो त्याच मॉड्युलसने लहान करता येत नाही. मॉड्युलस मूळ संख्या असेल आणि पाया तिच्या पटीत नसेल, तर घातांक मॉड्युलसपेक्षा एकाने लहान संख्येने कमी करता येतो. हा फर्माचा नियम.

३ चा १०० वा घात मॉड ७ हवा असेल तर १०० वेळा गुणत बसू नका, वर्ग करत चला. दुसरा घात ९, म्हणजे २. चौथा ४. आठवा १६, म्हणजे २. सोळावा ४, बत्तिसावा २, चौसष्टावा ४. १०० = ६४ + ३२ + ४, म्हणून ४ × २ × ४ = ३२ ≡ ४. फर्माने पडताळा: १०० ला ६ ने भागून बाकी ४, आणि ३ चा चौथा घात ८१ ≡ ४. जमलं.

एखाद्या तारखेचा वार मॉड्युलोने कसा काढतात?

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, मंगळवारी. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ रोजी. तो वार काढू.

साधं वर्ष ३६५ दिवसांचं, आणि ३६५ ≡ १ (मॉड ७). म्हणजे दर वर्षी वार एक घर पुढे, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन घरं. १९ डिसेंबर १९६१ ते १९ डिसेंबर १९८६ ही २५ वर्षं. त्यांत लीप वर्षं १९६४, ६८, ७२, ७६, ८० आणि ८४, म्हणजे सहा. २५ + ६ = ३१ ≡ ३. आता १९ डिसेंबर ते ३० मे: डिसेंबरचे उरलेले १२, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३०. सातने भागून बाक्या ५, ३, ०, ३, २, २. बेरीज १५ ≡ १. एकूण ३ + १ = ४. मंगळवारपासून चार घरं पुढे म्हणजे शनिवार.

दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. सुरुवातीचा दिवसही मोजला तर वार एकाने पुढे सरकतो. १९ तारखेपासून ३१ पर्यंत १२ दिवस धरायचे, १३ नव्हेत. दुसरं, शतकाची वर्षं: २००० लीप होतं, पण १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. चारशेने भाग जाईल तेच शतकवर्ष लीप.

पंचांगात मॉड्युलो आहे का?

भरपूर. वार सात, नक्षत्रं सत्तावीस, संवत्सरं साठ. जुने ज्योतिर्गणिती अहर्गण काढत, म्हणजे ठरावीक दिवसापासून लोटलेले दिवस, आणि त्याला सातने भागून वाराचा ताळा पाहत.

संवत्सराचं गणित घरी करून पाहण्याजोगं आहे. गोवा-महाराष्ट्राच्या पद्धतीत शालिवाहन शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. बाकी म्हणजे प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. मुक्तीच्या वेळी शक १८८३; १८८३ + १२ = १८९५, साठाने भागून बाकी ३५, म्हणजे प्लव संवत्सर. घटक राज्याच्या वेळी शक १९०९. १९२१ ला साठाने भागून बाकी १, म्हणजे प्रभव. साठ संवत्सरांचं नवं आवर्तन त्याच वर्षीच्या पाडव्याला सुरू झालं होतं.

आता शक १९०८ घ्या: १९२० ला ६० ने भागून बाकी शून्य. शून्यावं संवत्सर कोणतं? मॉड्युलो ६० मध्ये ० आणि ६० एकाच घरातले, म्हणून ते साठावं, क्षय. यादी १ पासून मोजायची असेल तेव्हा शून्याच्या जागी मॉड्युलस लिहायचा. बाकी आणि प्रतिनिधी वेगळे का ठेवायचे, ते इथे स्वच्छ दिसतं. आणखी एक खबरदारी: शक पाडव्याला बदलतो. इसवी सनातून पाडव्यानंतर ७८ आणि पाडव्याच्या आधी ७९ वजा करा. जानेवारीतल्या तारखेला ७८ वजा केले तर संवत्सर एकाने चुकतं. उत्तर भारतात संवत्सराची गणना वेगळी आहे, तिथे हे सूत्र लावू नका.

नवाचा ताळा का जुळतो?

१० ≡ १ (मॉड ९), म्हणून १००, १००० हेही १ च्याच घरातले. त्यामुळे कोणतीही संख्या मॉड ९ मध्ये तिच्या अंकांच्या बेरजेइतकी. ३४७ × २८ = ९७१६ तपासू. ३ + ४ + ७ = १४, म्हणजे ५. २ + ८ = १०, म्हणजे १. गुणाकार ५. उत्तराचे अंक ९ + ७ + १ + ६ = २३, म्हणजे ५. ताळा जुळला.

पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असं नव्हे. ९७६१ लिहिलं असतं तरी ५ च येतो, कारण अंकांची अदलाबदल बेरजेला कळत नाही. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, एवढंच खात्रीने म्हणता येतं. शंका असेल तर ११ चा ताळाही घ्या: उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-उणे करा. ९७१६ साठी ६ − १ + ७ − ९ = ३, आणि ९७६१ साठी १ − ६ + ७ − ९ = −७ ≡ ४. ३४७ आणि २८ दोन्हींचे ६ येतात, ६ × ६ = ३६ ≡ ३, म्हणून चूक उघडी पडली.

दुकानातल्या वस्तूंच्या बारकोडचा शेवटचा अंक कशासाठी?

तेरा अंकी बारकोडातला शेवटचा अंक तपासणीचा. उदाहरणादाखल एक कल्पित क्रमांक घेऊ: ८९०१७२५०९३४०. (सुरुवातीचे ८९० म्हणजे क्रमांक भारतातल्या नोंदणीतून दिलेला, वस्तू भारतात बनली, असा त्याचा अर्थ होत नाही.) डावीकडून विषम जागांवरचे अंक ८, ०, ७, ५, ९, ४, बेरीज ३३. सम जागांवरचे ९, १, २, ०, ३, ०; बेरीज १५, तिला ३ ने गुणून ४५. एकूण ७८. दहाच्या पटीत न्यायला २ हवेत, म्हणून तेरावा अंक २.

एक अंक चुकला तर ही तपासणी ते पकडतेच, कारण ३ आणि १० यांच्यात सामाईक विभाजक नाही. ३ ऐवजी ५ ने गुणलं असतं, तर सम जागेवर १ च्या जागी पडलेला ३ निसटला असता. शेजारच्या अंकांची अदलाबदल मात्र कधी कधी निसटते. वरच्या क्रमांकात पाचवा-सहावा अंक ७ आणि २ आहेत. ते उलटे लिहा: बेरजा २८ आणि २० होतात, एकूण २८ + ६० = ८८. तपासणीचा अंक पुन्हा २! अदलाबदलीने एकूण बेरजेत त्या अंकांच्या फरकाची दुप्पट बदलते. फरक ५ असला की बदल १०, आणि मॉड १० ला तो दिसत नाही.

२००७ पूर्वीच्या पुस्तकांवरचा दहा अंकी आयएसबीएन मॉड ११ वर चाले. ११ मूळ संख्या, म्हणून कोणतीही अदलाबदल तिथे पकडली जाते. किंमत एवढीच, की तपासणीचा अंक १० आला तर तो एका जागेत मावत नाही. म्हणून काही जुन्या पुस्तकांच्या क्रमांकाअखेर रोमन दहाचा एक्स दिसतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक व्हेरहूफच्या १९६९ मधल्या पद्धतीने काढलेला असतो. तो दहा अंकांतच बसतो आणि शेजारच्या अदलाबदली पकडतो, पण त्यासाठी साधी मॉड १० बेरीज सोडून वेगळी कोष्टकं वापरावी लागतात.

दोन-तीन बाक्या माहीत असतील तर मूळ संख्या सापडते का?

मॉड्युलाय परस्परांशी मूळ असतील, म्हणजे कोणत्याही दोघांत १ शिवाय सामाईक विभाजक नसेल, तर सापडते, पण त्यांच्या गुणाकाराच्या करारात. नारळांचे पाच-पाचचे वाटे केले तर ३ उरतात, सातांचे केले तर २, नवांचे केले तर ४. पाच आणि सात जुळवा: २३ चालतो. पुढचे ३५ च्या उडीने: २३, ५८, ९३… नवाने भागून ४ कुठे उरतात? ५८ ला. म्हणून उत्तर ५८ (मॉड ३१५), म्हणजे ५८ किंवा ३७३ किंवा ६८८. नेमके किती ते ढिगाकडे पाहून ठरवा. याला चायनीज रिमेंडर थिअरम म्हणतात. आर्यभटाची कुट्टक रीत याच जातीच्या प्रश्नांसाठी आहे. मॉड्युलायमध्ये सामाईक विभाजक असेल तर उत्तर नसूही शकतं: चाराने १ उरतो आणि सहाने २, अशी संख्याच नाही, कारण पहिली अट विषम मागते आणि दुसरी सम.

कोडिंगच्या स्पर्धेत 'उत्तर १००००००००७ मॉड्युलो द्या' असं का सांगतात?

उत्तर शेकडो अंकी होऊ नये म्हणून. ही संख्या मूळ आहे, त्यामुळे भागाकारासाठी व्यस्त मिळतो. शिवाय तिच्याहून लहान दोन संख्यांचा गुणाकार ६४ बिटांत मावतो. ३२ बिटांत तो मावत नाही, म्हणून साध्या इंटमध्ये गुणून मग मॉड घेतला तर चुकीच्याच संख्येचा मॉड मिळतो. दर गुणाकारानंतर मॉड घ्या, तीन संख्या एका दमात गुणू नका, आणि वजाबाकीनंतर मॉड्युलस मिळवायला विसरू नका. मॉड घेतलेल्या उत्तरांची लहान-मोठी तुलना करणं ही आणखी एक चूक. करार झाल्यावर लहान-मोठं असं काही उरत नाही.

बँकेच्या सुरक्षेत हेच गणित असतं का?

संदेश गुप्त करण्याची १९७७ ची आरएसए पद्धत मॉड्युलो घातांकावरच उभी आहे. मॉड्युलस दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो, आज बहुधा २०४८ बिटांचा, म्हणजे सुमारे ६१७ अंकी. घात वर दाखवलेल्या वर्गांच्या रीतीने झटपट निघतो; उलट जायला मात्र मॉड्युलसचे अवयव लागतात, आणि एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडायची झटपट रीत साध्या कॉम्प्युटरसाठी सापडलेली नाही.

'सिद्धता अमुक लेमा मॉड्युलो पूर्ण आहे' यात संख्या कुठे आहे?

कुठेच नाही. गणितज्ञांच्या बोलण्यात मॉड्युलोचा अर्थ 'तेवढी एक गोष्ट बाजूला ठेवली तर' असा होतो. लेमा, म्हणजे सिद्धतेत लागणारं सहायक विधान, अजून सिद्ध करायचा आहे, बाकी सगळं झालं आहे. त्याच्या जवळचा प्रयोग 'अप टू': 'क्रम अप टू' म्हणजे क्रम वेगळा असला तरी एकच धरायचं. १२ चे मूळ अवयव २, २, ३ एकाच प्रकारे पडतात, ते क्रम अप टू. दोन्हींत आपला मूळ करार कायम आहे. फक्त 'बाराच्या पटी'च्या जागी दुसरं काही दुर्लक्षित केलं जातं. भाषणात हा वापर चालतो, पेपरातल्या उत्तरात करू नये.

बारावीला मॉड्युलोचा इक्विव्हॅलन्स रिलेशन सिद्ध करताना गुण कुठे जातात?

एनसीईआरटीच्या पहिल्याच प्रकरणातला हा प्रकार. अ − ब ला न ने भाग जातो, असा संबंध दिलेला असतो. रिफ्लेक्सिव्ह: अ − अ = ०, आणि ० ला न ने भाग जातो कारण ० = न × ०. हे कारण लिहा. पुष्कळ जण शून्यापाशी अडतात आणि ओळ गाळतात. सिमेट्रिक: ब − अ = −(अ − ब), तीही न चीच पट. ट्रान्झिटिव्ह: अ − ब = न × क आणि ब − ड = न × ख, म्हणून अ − ड = न × (क + ख). दोन्हीकडे क च लिहिला, तर तुम्ही दोन्ही फरक समान असल्याचं गृहीत धरलं. सिद्धता तिथेच मोडते. क आणि ख पूर्णांक आहेत हेही लिहावं. उदाहरणादाखल संख्या घालून दाखवलेली सिद्धता कितीही जुळली तरी सिद्धता धरत नाहीत.

घरं लिहायला सांगितली तर मॉड्युलस जितका तितकीच लिहा. मॉड ४ ला चार: ०, १, २ आणि ३ ची. प्रत्येकात ऋण संख्याही दाखवा. ३ च्या घरात …, −५, −१, ३, ७, … येतात. −३ येत नाही, तो १ च्या घरात जातो.